काळीकडं गेलेली चोपडी

बियाणं कसं राखावं ते बुधीबाईकडून शिकावं, असं पाड्यात सगळे म्हणत. तिच्या तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे. तोंडावर म्हटलं की तिला चेव यायचा आणि ती आणखी दोन घरांची अब्रू काढायची. कुणाच्या कणगीला घूस लागली, कुणाची सून ओलं भात भरते, कुणी बियाणं खाऊन बसला आणि मग सरकारी पिशवीची वाट बघत राहिला, हे सगळं तिला पाठ होतं. ती स्वतः खळ्यावर भरलेल्या लोंब्या वेगळ्या काढी, हातानं झोडपी, चार उन्हं देई आणि कुडाच्या कोपऱ्यातल्या कणगीत भरून वर शेणमातीचं झाकण लिंपी. मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली की पोचट दाणा उडून जाई. माणसंही ती तशीच पारखायची, आणि तिच्या फुंकरीपुढं टिकेल असं माणूस तिला अजून भेटायचं होतं.

पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगावर. वीस-बावीस घरं. खाली डांबरी रस्त्यावर उतरायला पाऊण तास आणि चढायला देव जाणे किती. बुधीबाईचा नवरा कधीच गेला होता. मुलगा लाहू चिखल्याला एका चिकूवाडीत तोडणीला होता, आठवड्यानं घरी येई. त्याचा स्वभाव बापाचाच, म्हणजे जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटे. घरात उरल्या बुधीबाई, सून सुषमा आणि दीड वर्षाची नात जिजा.

सुषमाला बुधीबाई हलका दाणा समजे. पोर आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली, आणि शिकून काय केलं तर विज्ञानात नापास झाली. बाकीचे सगळे विषय सुटले, हा एक अडकला, तीन वर्षं झाली. लग्न झालं, जिजा झाली, तरी सुनेनं ती विज्ञानाची चोपडी सोडली नव्हती. माहेरहून येताना लुगडी दोन आणि चोपडी एक घेऊन आली होती. सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर, कोपरे झिजलेले, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा.

त्या वर्षी, म्हणजे अठरा साली, पावसाळ्यात पाड्यावरच्या अंगणवाडीची बाई लग्न करून उंबरगावकडं निघून गेली आणि अंगणवाडीला कुलूप लागलं. पोरांचा खाऊ खाली रस्त्याकडेच्या अंगणवाडीत अडकून पडला. पावसातून पोर काखेला मारून कोण खाली जाणार? ग्रामसेवक एकदा घाम पुसत वर आला आणि सांगून गेला की जागा पाड्यातल्याच बाईला मिळेल, दहावी पास पाहिजे, पुढच्या जूनमध्ये निकाल लागले की भरू. एवढं बोलून तो पाणी प्यायला आणि उतरून गेला, तो परत काही दिसला नाही.

पाड्यात दहावीपर्यंत पोचलेल्या बायका दोनच. एक सुषमा, दुसरी काळी नावाच्या बाईची मुलगी वर्षा. दोघी नापास, दोघी विज्ञानातच. बुधीबाईनं हे ऐकलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

सुषमा मात्र हसली नाही. मार्चला परत बसायचं तिनं ठरवलं. ती जागा मिळाली तर वाडीवाल्यांच्या टेम्पोत उभं राहून मजुरीला जायला नको, जिजा डोळ्यापुढं राहील, आणि महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या नावावर काहीतरी येईल. हे सगळं तिनं लाहूला सांगितलं होतं. बुधीबाईला सांगितलं नव्हतं, कारण बुधीबाईला कुणी काही सांगायच्या आधीच तिचं उत्तर तयार असे.

भातकापणीला दुपारी बायका मोहाच्या झाडाखाली टेकल्या की सुषमा पदराखालून चोपडी काढी. भात कापून कापून हात खरबरीत झालेले, बोटाला इळ्याची चीर, त्या बोटानं ती ओळीवरून ओळ सरकवी आणि ओठ हलवत पाठ करी. बुधीबाई समोर बसून नाचणीची भाकरी मोडता मोडता बघत असे. एकदा तिनं विचारलं, त्यात भात कसं कापायचं ते लिहिलंय का. सुषमा म्हणाली, नाही. मग काय लिहिलंय? सुषमानं सांगितलं की आरशात उजेड कसा परत फिरतो ते आहे. बुधीबाईनं बाकीच्या बायकांकडं पाहिलं आणि म्हणाली की उजेड परत फिरतो ते आम्हाला रोज संध्याकाळी दिसतं, त्याला चोपडी लागत नाही. बायका हसल्या. सुषमानं पान उलटलं.

चोपडी बदलायचं खूळ आलं ते चिखल्याहून. लाहूच्या वाडीशेजारी रविंद्र सर म्हणून एक जण राहत. डहाणूत क्लास चालवत, बुलेटवरून जात, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला कसलं तरी ओळखपत्र. क्लास त्यांचा स्वतःचाच, त्यात त्यांना ओळखणार नाही असं कोण होतं कुणास ठाऊक. लाहूनं एकदा चिकू भरलेली पाटी त्यांच्या पडवीत नेऊन ठेवली आणि बायकोच्या परीक्षेचं विचारलं. सरांनी आधी विचारलं, "तुमच्यात बायका दहावीला बसतात?" मग जुन्या चोपडीचं ऐकून ते मोठ्यानं हसले. म्हणाले, कुठल्या जमान्यात राहता तुम्ही लोक, यंदा दहावी सगळी बदलली, विज्ञानाचे आता दोन भाग झाले, ते जुनं पुस्तक भेळवाल्याला दे. बाई पहिल्यांदा बसतेय की नापास होऊन बसतेय, हे काही त्यांनी विचारलं नाही. चिकू मात्र पाटीसकट ठेवून घेतले.

दिवाळीत लाहू आला तो नव्या दोन चोपड्या घेऊन. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, वास अजून छापखान्याचा. त्याच दिवशी घरात नवं खायचं होतं. नवा तांदूळ कणसरीपुढं, धान्याच्या देवीपुढं, ठेवल्याशिवाय घरात कुणी तोंडात घालत नसे, आणि एकदा का नवं खाल्लं की बुधीबाई जुन्या बियाण्याची कणगी रिकामी करी. उरलेलं जुनं बी कांडून खायचं नाहीतर कोंबड्यांना घालायचं, पण नव्याच्या शेजारी ठेवायचं नाही, हा तिचा कायदा होता. लाहूनं चोपड्या नव्या तांदळाच्या टोपलीशेजारीच ठेवल्या. बुधीबाईनं एकीवरून हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, पण कागदाचा पोत कळला. भरलेल्या दाण्यासारखा घट्ट होता.

सुषमा मात्र दोन्हीकडून बघू लागली. मांडीवर जुनी, पुढ्यात नवी. जुनीतला धडा नवीत कुठं सापडतो का ते शोधी. सापडला तर निम्मा सापडे, बाकीचं काहीतरी भलतंच असे. चार दिवस तिनं हे केलं. डोकं दुखतं म्हणाली. पाचव्या दिवशी तिनं बोलून दाखवलं की मी जुनी नापास आहे, मला जुनाच पेपर येणार की काय. लाहू म्हणाला, सर खोटं कशाला सांगतील. मग जरा वेळानं म्हणाला, तुझंही खरं असेल.

बुधीबाई पडवीत सूप पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"एका वाफ्यात दोन सालचं बी टाकलं तर काय होतं, सांग."

सुषमानं मांडीवरची जुनी जवळ ओढली.

"अर्धं उगवतं नि अर्धं कुजतं. उगवलेलं पण उंचसखल. लावायला जाशी तर हाताला लागत नाय. एक धर."

"जुनीतलं मला येतं, आय. नवीमधलं निम्मं मी कधी बघलं पण नाय."

"येत होतं तर नापास कशाला झालीस?"

सुषमानं दोन्ही मिटल्या आणि उठून पाण्याला गेली. विहिरीवरून यायला तिला रोजच्यापेक्षा बराच उशीर झाला.

फॉर्म भरायला तिला डहाणूकडच्या तिच्या जुन्या आश्रमशाळेत जावं लागलं. नापास झालेल्यानं ज्या शाळेतून नापास झाला त्याच शाळेतून बसायचं. तिथं विचारून येते, म्हणाली. गेली पहाटे, जिजाला घरी ठेवून. शाळेतल्या कारकुनानं तिला तीन तास बाकावर बसवलं, मग फॉर्म भरून घेतला. सुषमानं अभ्यासक्रमाचं विचारलं तेव्हा तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "ए बाई, आधी पास हो, मग अभ्यासक्रम विचार." शेजारचा शिपाई हसला. सुषमा सही करून निघाली. आपल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही हे तिला एसटीत बसल्यावर कळलं.

आणि त्याच दिवशी इकडं पाड्यावर काळीची वर्षा बुधीबाईच्या अंगणात आली.

काळीचं आणि बुधीबाईचं जुनं होतं. चौदा वर्षांपूर्वी काळीनं बुधीबाईकडून पायलीभर बियाणं नेलं, ते भिजत घातलं नि विसरली, नासवलं, आणि वर पाडाभर सांगत सुटली की बुधीचं बी पोचट निघालं. पोचट! ज्या बाईनं जन्मभर बी निवडलं तिला हे ऐकावं लागलं. तेव्हापासून बुधीबाई काळीच्या अंगणात गेली नव्हती. काळीच्या अंगणात सहाणेचा मोठा दगड होता, सगळा पाडा त्यावर कोयते-इळे पाजवायचा. बुधीबाई चौदा वर्षं घरातल्या तळहाताएवढ्या दगडावर घासत बसली, पण तिकडं गेली नाही.

वर्षा अंगणाच्या कडेलाच उभी राहिली. सुषमा वहिनी आहे का म्हणाली. नाही कळल्यावर जायला वळली, मग धीर करून बोलली की माझी विज्ञानाची चोपडी शाळेनं काढून घेतली, वहिनीला नवी आणलीय असं ऐकलं, तर जुनी मिळेल का. आमचे सर म्हणतात, तू जुनी नापास, तुला पेपर जुनाच, तू जुनीच वाच.

हे वाक्य बुधीबाईनं नीट ऐकलं. दोन्ही कानांनी ऐकलं. पण ते काळीच्या घरातून आलं होतं, आणि काळीच्या घरातून आलेलं काहीही बुधीबाईला फुंकर मारायच्या लायकीचंसुद्धा वाटत नसे. जुनं शिळं मागायला आली, आईच्याच वळणाची, एवढंच तिला दिसलं. आत जाऊन तिनं आढ्याच्या बांबूवरून चोपडी काढली आणि लांबूनच पुढं केली.

"ने. आमच्यात जुनं बी ठेवत नाय. तुमच्यात चालतं."

वर्षानं मान खाली घालून चोपडी घेतली. बुधीबाईला त्या दिवशी चटणी-भाकरीही गोड लागली.

संध्याकाळी सुषमा आली, तांबडी धूळ केसांत, पाय सुजलेले. पाणी पिऊन तिनं वर हात घातला. मग सगळा बांबू चाचपला. बुधीबाईनं चुलीपुढूनच सांगितलं की काळीच्या पोरीला दिली, नवं आलंय घरात, सरमिसळ नको. वर्षानं जे सांगितलं होतं ते तिनं सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते तिला वाटलंच नाही.

"माझी होती ती," सुषमा म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून नवी वाचू लागली.

थंडीभर तिनं ती वाचली. पेंढा रचताना, कुडाला शेण लावताना, चुलीवर आंबील ढवळताना नवी चोपडी तिच्याजवळ असे. जिजानं एकदा दुसऱ्या भागाच्या चार पानांवर चिखलाची बोटं उठवली तर तिनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग तिला उचलून स्वतःच रडली. नव्यातलं काही समजायचं नाही, समजावणारं कुणी नव्हतं. लाहू दर आठवड्याला विचारी, जमतंय का, आणि तिनं हो म्हटलं की त्याचं समाधान होई. एकदा तो रविंद्र सरांना दोन शंका विचारून आला. सर म्हणाले होते, क्लास लाव. डोंगरावरून डहाणूला रोज ये-जा कशी करायची ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या मध्याला हॉलतिकीट आणायला सुषमा परत शाळेत गेली. या खेपेला कारकून रजेवर होता आणि एका वयस्क बाईंनी तिकीट दिलं. त्यांनी तिच्या हातातली नवी चोपडी पाहिली, तिकीट पाहिलं, आणि विचारलं की तू ही कशाला वाचतेस, तुझा पेपर तर जुना आहे. तिकिटावर लिहिलेलंही होतं. सुषमा तिथंच बाकावर खाली बसली. बाईंनी शाळेत शोधलं, पण जुनी पुस्तकं सगळी गोळा करून नेली होती. लाहू डहाणूला दुकानात गेला तर दुकानदारानं वरपासून खालपर्यंत त्याला न्याहाळलं आणि सांगितलं, जुनी सगळी रद्दीत दिली, सहा महिने आधी झोपला होतास का? रविंद्र सर म्हणाले, रिपीटर आहे असं आधी सांगायचं ना. चिकूची पाटी त्यांनी अजून परत केली नव्हती.

परीक्षेला तीन आठवडे उरले. सुषमा त्या संध्याकाळी बुधीबाईसमोर येऊन बसली. सासूसमोर अशी ती लग्नानंतर पहिल्यांदाच बसली होती.

"आय, काळीकडून चोपडी मागून आण. दिवसाआड देली तरी चालेल. मी गेले असते, पण देणारी तू होतीस, मागायला पण तूच जायला पायजे."

"उद्या जाते," बुधीबाई म्हणाली.

दिवस राबाचे होते. वाफ्यावर पसरून जाळायला सगळा पाडा फांद्या तोडत होता, पाला गोळा करत होता, डोक्यावर भारे घेऊन बायका उतारावरून येत-जात होत्या. बुधीबाईनं दोन भारे आणून टाकले. घामानं पाठ भिजली, मानेत कळ आली. तिसऱ्याला न जाता तिनं कोयता घेतला आणि काळीच्या घराची वाट धरली. काय बोलायचं ते तिनं वाटेत जुळवलं. 'ती चोपडी परत दे' एवढंच तर म्हणायचं होतं. चार शब्द.

काळी अंगणात फांद्या सारखी करत होती. बुधीबाईला बघून तिचा हात थांबला. पडवीत वर्षा पाय पसरून बसली होती आणि तिच्या मांडीवर ती चोपडी होती. सिमेंटच्या कागदाचं कव्हर लांबूनसुद्धा ओळखू आलं. वर नवा दोरा घालून कोपरे शिवलेले होते.

बुधीबाई सरळ सहाणेच्या दगडाशी गेली आणि उकिडवी बसून कोयता घासू लागली. काळीनं घरातून करवंटीभर पाणी आणून दगडाशेजारी ठेवलं. बुधीबाई पाणी शिंपडत होती, घासत होती. कोयता उलटला, ती बाजू घासली. पुन्हा उलटला. धार अशी चढली की अंगठा लावायची सोय राहिली नाही. चार शब्द दातापर्यंत येत आणि तिथं चौदा वर्षांचं ते 'पोचट' उभं असे. हिच्या अंगणात, हिच्या पोरीसमोर, दिलेलं परत मागायचं? आमच्यात जुनं ठेवत नाय म्हणून दिलेलं?

"काय काम काढलंस?" काळीनं शेवटी विचारलं.

"धार लावायची होती," बुधीबाई म्हणाली आणि उठली.

घरी सुषमा दारातच उभी होती, काखेला जिजा. बुधीबाईनं कोयता कुडाला खोचला. मागं न बघता तिनं सांगितलं, "नाय ती. पावसात भिजली, चुलीत घातली म्हणली. त्या घराकडून तू दुसरं काय धरतीस?"

बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. काळीला नावं ठेवायची तिला इतकी सवय होती की आपण खोटं सांगतोय हे तिला स्वतःलाही नीट जाणवलं नाही. सुषमानं जिजाला खाली ठेवलं, चुलीकडं गेली आणि नवी चोपडी उघडून, जुन्यासारखं जे काय सापडेल ते शोधत बसली.

वर्षाचं केंद्र तलासरीला होतं, सुषमाचं डहाणूकडं. दोघींची गाठ पडायचं कारण नव्हतं, आणि दोन घरांचं बोलणं नव्हतंच. पेपर देऊन सुषमा आली ती थेट चुलीला लागली. बुधीबाईनं काही विचारलं नाही. जूनमध्ये निकाल लागला. वर्षाला त्रेचाळीस मिळाले. सुषमाला एकतीस.

लाहू म्हणाला, चारच कमी पडले. बुधीबाई म्हणाली, हलक्या दाण्याला वारा लागतोच. पण त्या रात्री ती जेवली नाही, पोट बिघडलंय म्हणाली, आणि आढ्याच्या त्या रिकाम्या बांबूकडं बघत पडून राहिली. तो बांबू तिला कित्येक दिवस खुपत होता.

जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली तेव्हा वर्षाची ऑर्डर आली. अंगणवाडीचं कुलूप निघालं. पहिल्याच आठवड्यात वर्षानं पोरांची वजनं केली. बुधीबाई जिजाला घेऊन गेली, कारण सुषमा गेली नसती. वर्षानं जिजाला झोळीत घालून काट्याला टांगलं, वहीत आकडा लिहिला आणि पोर जरा कमी भरतेय असं सांगितलं. बुधीबाई जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या काट्यासमोर गप्प उभी होती. वर्षा हळूच म्हणाली, वहिनीला सांग, जुन्यांना एकदा अजून बसता येतं, पुढच्या आठवड्यात पेपर आहे, फॉर्म भरलाय ना तिनं? भरला होता. लाहूनं भरायला लावला होता, यावेळी शेवटचं तो बोलला होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडला. बुधीबाई आणि सुषमा वाफ्यात वाकून लावत होत्या. पोटरीपर्यंत चिखल, पाठीवर इरली, डाव्या हातात रोपांची जुडी. बुधीबाईची ओळ नेहमीसारखी दोरी धरल्यासारखी सरळ चालली होती. तेवढ्यात बांधावरून काळी येताना दिसली. पळसाच्या पानांत आणि वर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी तिनं छातीशी धरलं होतं.

काळी बांधावर उभी राहिली. इतक्या वर्षांत ती बुधीबाईच्या शेतावर आली नव्हती.

"ने," ती म्हणाली. "आमच्यात आता लागत नाय." आणि मग जरा थांबून, "बुधे, या खेपेला तुझं बी उगवलं हो."

बोलण्यात डंख होता की नव्हता ते बुधीबाईला कळलं नाही. ती वर बघायच्या आत सुषमा सरळ झाली. तिनं त्या पानांतून डोकावणारा सिमेंटचा कागद पाहिला.

"काकी," ती म्हणाली, "ही तर चुलीत घातली म्हणली होतीस ना तू?"

"कोण, मी?" काळीनं विचारलं. "मला कोण आलं मागायला? राबाच्या दिवसांत ही आली होती, कोयता पाजवून गेली. एक शब्द बोलली नाय. मागितली असती तर वर्षा नि तू मिळून वाचल्या असत्या. ती तर म्हणत होती, वहिनीला जास्त येतं, ती सांगेल समजून."

पावसाचे दोन-चार थेंब पाण्यावर पडले. बुधीबाई वाकलेलीच होती. तिनं एक रोप चिखलात दाबलं, दुसरं दाबलं, तिसरं. तिला वाटलं, सुषमा आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं, आणि बुधीबाईकडं उत्तराची कधी वाण नव्हती.

सुषमा ओरडली नाही. तिनं हातातली जुडी खाली पाण्यात ठेवली, पाटाच्या स्वच्छ पाण्यात कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले आणि बांधावर चढून काळीच्या हातातून चोपडी घेतली. दोन्ही हातांनी घेतली. काळी निघून गेली. सुषमा तिथंच बांधावर, भर दुपारी, भर आवणीत, बसली आणि इरल्याच्या आडोशाला धरून चोपडी उघडली. आजूबाजूच्या वाफ्यांतल्या बायका बघत होत्या. बुधीबाई कुणाकडं बघत नव्हती.

ती आपली ओळ लावत राहिली. मग सुषमाची अर्धी राहिलेली ओळही तिनं घेतली. कंबर मोडत होती. हात भरभर चालत होते, पण जुडीतून कधी दोन रोपं निघत, कधी चार. बऱ्याच वेळानं बांधावरून सुषमाचा आवाज आला. राग नव्हता त्यात. पोचट दाण्यावर फुंकर मारावी तेवढाच तो होता.

"आय, तुझी ओळ वाकडी गेली."

बुधीबाईनं मागं वळून पाहिलं. ओळ खरंच वाकडी गेली होती, चांगली हातभर. तिनं रोपं उपटली, मागं सरकली, आणि पहिल्यापासून परत लावू लागली.